धावत्या गाड्यांमधला डेटा आणि मोबाईल नेटवर्क : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले भाजीवाले, दूध टँकरवाले, ट्रान्सपोर्टचे मालक आणि इंजिनिअरिंगची मुले जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले, बाकी विचारणाऱ्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपल्या भागात मोबाईल नेटवर्कने गाड्यांमधला सगळा डेटा वाहू नये. कोण कुठे आहे ते सांगून गाड्यांची गाठ घालून द्यावी आणि मग बाजूला व्हावे.

१. गाड्या एकमेकींशी बोलतात म्हणजे नेमकं काय बोलतात?

मी कुठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चाललो आहे, ब्रेक मारला आहे का. मजकूर एवढाच, पण तो सेकंदाला दहा वेळांपर्यंत जातो. एक संदेश साधारण ५० ते ३०० बाइटचा असतो. तवंदी घाटाच्या उतारावर पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला, तर मध्ये मोठा कंटेनर आड असला तरी त्याच्या मागच्या गाडीला ते लगेच कळावे, हा त्यामागचा हेतू.

दुसऱ्या प्रकारच्या डेटाला घाई नसते. रस्त्यावर दरड आली आहे, टँकरमधले तापमान वाढले आहे, माल उतरल्याची पावती, नकाशातला बदल वगैरे. पहिल्या प्रकारचा संदेश १०० मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवा. दुसरा दहा मिनिटांनी पोचला तरी बिघडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार येणार आहे.

२. गाडीतून गाडीत थेट जात असेल तर टॉवर मध्ये कशाला?

गाडीत बसवलेल्या यंत्रात टॉवरशिवाय दुसऱ्या गाडीशी बोलणारा रेडिओ असतो, त्याला इथे थेट रेडिओ म्हटले आहे. त्याला आपल्या आसपासचे काही शे मीटरच दिसतात. किणये ओलांडून जांबोटीकडे निघालेल्या गाडीला पुढे कणकुंबीजवळ कोण आहे, समोरून कोण येते आहे, याचा पत्ता नसतो. निरोप कोणाच्या हाती दिला म्हणजे तो योग्य जागी पोचेल, हे तिने ठरवायचे कशावरून?

इथे मोबाईल नेटवर्क कामाला येते. प्रत्येक गाडी काही सेकंदांनी आपली जागा टॉवरमार्फत एका सर्व्हरला कळवते. सर्व्हरसमोर सगळ्या रस्त्याचे चित्र असते. तो उलट सांगतो, ‘तुझा निरोप समोरून येणाऱ्या अमुक गाडीला दे, ती वीस मिनिटांत तिथून जाईल.’ प्रत्यक्ष निरोप मात्र गाडीतून गाडीतच जातो. ताबा टॉवरकडे आणि वाहतूक गाड्यांकडे, अशी ही वाटणी. हा ताबा नसला तर प्रत्येक गाडी ऐकलेला संदेश पुढच्या प्रत्येक गाडीला देत सुटते आणि थोड्याच वेळात हवेत नुसता गोंगाट उरतो.

३. फोर-जी सगळीकडे आहे, फाइव्ह-जी पण आलं. मग सगळंच टॉवरवरून पाठवलं तर काय होतं?

गाड्या चार-दोन असतील तर काहीच होत नाही. अडचण गर्दीत येते. कोगनोळी टोलनाक्यावर ५० गाड्या रांगेत आहेत आणि प्रत्येक गाडी सेकंदाला दहा संदेश टाकते आहे असे धरा. टॉवरकडे सेकंदाला ५०० संदेश जातील. त्यातला प्रत्येक संदेश बाकीच्या ४९ गाड्यांना वेगवेगळा पोचवायचा म्हणजे खाली उतरणारे संदेश सेकंदाला २४,५००. गाड्या दुप्पट झाल्या की हा आकडा चौपट होतो. त्याच टॉवरवर रांगेतल्या लोकांचे फोन आणि व्हिडिओही चालू असतात. थेट रेडिओवर तोच संदेश एकदा उच्चारला की आसपासचे सगळे एकदमच ऐकतात.

दुसरे कारण वेळेचे. थेट संदेश काही मिलिसेकंदांत पोचतो. टॉवरवरून जाणारा संदेश आधी टॉवरला, तिथून कंपनीच्या मुख्य यंत्रणेत, तिथून सर्व्हरला आणि त्याच वाटेने परत येतो. बेळगावातल्या दोन गाड्यांमधला निरोप बंगळूर किंवा मुंबई बघून येणे यात नवल नाही. चांगल्या फोर-जीवर हा फेरा बहुतेक वेळा १०० मिलिसेकंदांत बसतो, पण ‘बहुतेक वेळा’वर ब्रेकचा इशारा सोडता येत नाही.

घाईच्या नसलेल्या आणि सगळ्यांना सारख्याच लागणाऱ्या सूचनेसाठी टॉवरची एक चांगली सोय आहे: सेल ब्रॉडकास्ट. यात टॉवर एकच संदेश त्याच्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदम देतो, कोणाचा मोबाईल नंबर माहीत असावा लागत नाही. २०२३ साली देशभर आपत्तीच्या इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या, फोन मोठ्याने वाजून पडद्यावर चौकट आली, ती हीच पद्धत. ‘घाट बंद’ ही सूचना अशी जाणे सर्वांत योग्य.

४. चोर्ल्यात, आमगावच्या जंगलात टॉवरच मिळत नाही. तिथं मोबाईल नेटवर्कचं नाव कशाला काढायचं?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात भीमगड अभयारण्य आहे, दाट जंगल आहे, वस्ती विरळ आहे. टॉवर थोडे आहेत आणि डोंगराच्या पलीकडच्या उतारावर त्यांचा आवाज पोचत नाही. हे चित्र एका वर्षात बदलणार नाही.

अशा ठिकाणी गाडी संदेश स्वतःजवळ ठेवते, बरोबर घेऊन जाते आणि संधी मिळाली की पुढे देते. गावाकडे डबा पाठवायचा असला की आपण स्टँडवर जाऊन त्या बाजूला निघालेल्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतो, तसेच. फरक एवढाच की गाडी त्याची प्रत स्वतःजवळही ठेवते आणि पोच मिळाल्यावरच पुसते.

आता टॉवरचा उपयोग कुठे? बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या दोन्ही तोंडांना. बेळगावकडून येणारी भाजीची गाडी जांबोटीजवळ रेंजमध्ये आहे तोवर सर्व्हरला तिची जागा, वेग आणि दिशा कळलेली असते. साखळीकडून निघालेली गाडी केरीजवळ दिसलेली असते. दोघीही नंतर रेंजबाहेर जातात. पण त्या साधारण कुठे आणि किती वाजता समोरासमोर येतील, याचा अंदाज सर्व्हर दोघींना आत शिरण्यापूर्वीच देऊन ठेवतो. मध्ये दरड दिसली, तर ती पाहणाऱ्या गाडीला आधीच माहीत असते की हा निरोप समोरून येणाऱ्या पहिल्याच यंत्रधारी गाडीला द्यायचा. ती गाडी मागच्या गाड्यांना सावध करते आणि दरड गाठण्याआधीच मागे वळावे लागले, तर जांबोटीच्या रेंजमध्ये आल्याबरोबर सर्व्हरला कळवते. अंदाज थोडा चुकला तरी काम अडत नाही, कारण दोन गाड्या जवळ आल्या की रेडिओ एकमेकींना ओळखतातच.

म्हणून माझा आग्रह आहे की यंत्रे आधी रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांच्या गाड्यांवर बसवावीत. पहाटे गोव्याला निघणारे भाजीचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, वस्तीच्या बस. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि तीच या पद्धतीची खरी ताकद आहे. कधीतरी येणाऱ्या पर्यटकाच्या गाडीवर हा भरवसा ठेवता येत नाही.

५. रेंज गेली की जीपीएसपण बंद पडतं ना?

नाही. जीपीएस किंवा आपल्या इस्रोचे नाविक हे उपग्रहांकडून फक्त ऐकण्याचे काम आहे, त्याला मोबाईल टॉवर लागत नाही. फोनमध्ये रेंज नसताना नकाशा कोरा दिसतो, कारण नकाशाची चित्रे इंटरनेटवरून येतात. जागा फोनला तेव्हाही कळत असते. टॉवरची मदत झाली तर सुरुवातीला उपग्रह लवकर सापडतात, इतकेच.

दाट झाडी आणि कड्याखालच्या वळणावर मात्र उपग्रहांचे संकेत अडतात किंवा कड्यावर आपटून येतात, आणि जागा बरीच सरकलेली दिसू शकते. थेट रेडिओची वेळ जुळवायलाही उपग्रहच लागतात, म्हणून अँटेना टपावर मोकळी बसवा. डॅशबोर्डच्या खाली दडवू नका.

६. समोरून येणारी गाडी किती वेळ भेटते? तेवढ्यात काय जाऊन येणार?

हिशेब करून बघू. संकेश्वरजवळच्या सरळ महामार्गावर दोन गाड्या ६० च्या वेगाने समोरासमोर येत आहेत. एकमेकींच्या जवळ येण्याचा वेग ताशी १२०, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. रेडिओची पोच ३०० मीटर धरली तर भेटण्याआधीचे ३०० आणि नंतरचे ३०० मिळून ६०० मीटर, म्हणजे १८ सेकंद. सेकंदाला ६ मेगाबिट या वेगाने तेवढ्यात कागदावर १३ एमबी जातात, प्रत्यक्षात निम्मे धरा. दरडीचा निरोप, एखादा फोटो, शेकडो पावत्या यात आरामात बसतात. लांबलचक व्हिडिओ बसत नाही.

घाटात वेग कमी असतो, पण वळणामुळे पोचही कमी होते. दोन्ही गाड्या ३० च्या वेगाने आणि पोच ८० मीटर असेल तर भेट साडेनऊ सेकंदांची. साधे वायफाय हॉटस्पॉट इथेच मार खाते, कारण ओळख, पासवर्ड आणि पत्ता मिळेपर्यंत अर्धी भेट सरते. गाड्यांसाठीचे रेडिओ म्हणूनच जोडणीचा हा सोपस्कार टाळतात, आल्याबरोबर बोलायला लागतात. एकाच दिशेने मागेपुढे चाललेल्या गाड्यांची भेट मात्र मिनिटांच्या हिशेबात असते. मोठा डेटा द्यायचा तो त्यांनाच.

७. नकाशावर दोन गाड्या पन्नास मीटरवर दिसतात, तरी निरोप जात नाही. यंत्र खराब आहे का?

बहुधा यंत्र ठीक आहे आणि मध्ये डोंगर आहे. घाटातल्या नागमोडी वळणावर वरचा आणि खालचा रस्ता नकाशात खेटून दिसतो, पण मधला कडा थेट रेडिओच्या ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींना सरळ अडवतो. महामार्गावर पूल आणि त्याखालचा सेवा रस्ता यांचेही तसेच. तिथे तर उलट चूकही होते, पुलावरच्या गाडीचा इशारा खालच्या गाडीला लागू होतो.

म्हणून सर्व्हरने सरळ रेषेतले अंतर धरून गाडी निवडू नये. रस्त्याने मोजलेले अंतर, गाडीची दिशा आणि त्या जागी आधी निरोप पोचले होते की नाहीत याची नोंद, या तिन्ही गोष्टी बघाव्यात. शेवटची नोंद सर्वांत मोलाची. महिनाभर गाड्या धावल्या की कोणत्या वळणावर गाठ पडते आणि कुठे पडत नाही, याचा नकाशा आपोआप तयार होतो.

८. दूधगंगेच्या पुलावर आलो की डेटा तुटतो. मागेपुढे चांगली रेंज असते. असं का?

कारण तिथे टेलिकॉमची हद्द बदलते. कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, कोगनोळी कर्नाटक सर्कलमध्ये. कंपनी एकच असली तरी प्रत्येक सर्कलमधले तिचे जाळे वेगळ्या क्रमांकाने ओळखले जाते. एकाच सर्कलमध्ये टॉवर बदलतो तेव्हा चालू जोडणी एका टॉवरकडून दुसऱ्याकडे अलगद सोपवली जाते. सर्कल बदलताना पुष्कळदा ती तशी सोपवली जात नाही. यंत्र जुन्या टॉवरला शेवटपर्यंत धरून ठेवते, तो सुटला की नवे जाळे शोधते, तिथे नोंद करते आणि डेटा नव्याने सुरू करते. स्वागताचा मेसेज येतो तो या नोंदीनंतर. मधला काळ काही सेकंदांचा असतो, कधी मिनिटाच्या घरात जातो. ८० च्या वेगाने एका मिनिटात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेलेली असते.

बाची आणि शिनोळीच्या बाजूला याची वेगळी तऱ्हा बघायला मिळते. रस्ता कधी या हद्दीत, कधी त्या हद्दीच्या टॉवरच्या छायेत. यंत्र दोन्हींमध्ये हेलकावे खाते आणि बॅटरीही खाते.

उपाय तीन, आणि तिन्ही करण्यासारखे आहेत. पहिला, हद्द येण्यापूर्वीच, नकाशावर ठरवलेल्या जागेवर, सर्व्हरकडून पुढच्या पट्ट्याची माहिती आधीच उतरवून घ्या. दुसरा, डेटा तुटताच यंत्राने थेट रेडिओवर भरवसा टाकावा आणि आसपासच्या एखाद्या गाडीची जोडणी चालू असेल तर तिच्यामार्फत निरोप पाठवावा. रांगेतल्या सगळ्याच गाड्यांची जोडणी एकाच क्षणी तुटलेली नसते. तिसरा, यंत्राला नवीन पत्ता मिळाला तरी सर्व्हरने गाडी तीच आहे हे तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून ओळखावे. हा तिसरा मुद्दा मुले प्रोजेक्टमध्ये हमखास विसरतात, आणि मग हद्द ओलांडली की सर्व्हरवर एका गाडीच्या दोन गाड्या होतात.

९. माझ्या गाडीत एका कंपनीचं सिम, पुढच्या गाडीत दुसऱ्या. चालेल?

चालेल. थेट रेडिओला सिम बघायचे नसते. सर्व्हर इंटरनेटवर आहे, तो कोणत्याही कंपनीच्या जाळ्यातून गाठता येतो. उलट ताफ्यात सगळ्यांकडे एकाच कंपनीचे सिम असण्यापेक्षा वेगवेगळी असलेली बरी, म्हणजे एकाची रेंज गेली तरी दुसरी गाडी बाहेरच्या जगाशी जोडलेली राहते.

१०. महिन्याला डेटा किती लागेल? रोमिंगचे पैसे पडतील?

गाडीने दर दहा सेकंदांनी २०० बाइटची नोंद पाठवली तर तासाला ७२ केबी, बारा तासांना एक एमबीच्या आत. सर्वांत स्वस्त प्लॅनही याला पुरून उरतो. प्रश्न ३ मधला सगळा भार टॉवरवर टाकला तर एका गाडीचे नुसते पाठवणेच तासाला सुमारे ११ एमबी, आणि आसपासच्या ५० गाड्यांचे ऐकायचे म्हटले तर तासाला ५४० एमबी. टॉवरने फक्त गाठ घालून द्यावी असे मी म्हणतो, त्यामागे हाही हिशेब आहे.

देशांतर्गत रोमिंगला आता सर्वसाधारण प्लॅनमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत. यंत्रांसाठीच्या तेरा आकडी क्रमांकाच्या सिमचे करार मात्र वेगळे असतात. ते घेताना कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे डेटा चालतो ना, हे लेखी घ्या.

११. डीएसआरसी, सी-व्हीटूएक्स, मोड थ्री, मोड फोर… सोप्या शब्दांत सांगा.

डीएसआरसी हे गाड्यांनी एकमेकींशी थेट बोलायचे तंत्र, वायफायच्या घराण्यातले. त्याचा पाया असलेले आयईईई ८०२.११पी हे मानक २०१० साली आले. अमेरिकेने या कामासाठी ५.९ गिगाहर्ट्झमध्ये ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा १९९९ सालीच राखून ठेवला होता. २०२० साली त्यातले ४५ मेगाहर्ट्झ साध्या वायफायला देऊन उरलेल्या ३० वर सी-व्हीटूएक्सला जागा केली.

सी-व्हीटूएक्स हे मोबाईलच्या घराण्यातले. थ्री-जीपीपी या संस्थेच्या रिलीज १४ मध्ये, २०१७ साली, ते फोर-जीवर आधारून आले. त्याला दोन तोंडे आहेत, एक टॉवरकडे आणि एक थेट दुसऱ्या गाडीकडे. थेट बोलण्यात कोणी कधी बोलायचे हे टॉवर ठरवतो तो मोड ३. टॉवर नसताना गाड्या गेल्या सेकंदभरातला हवेतला वापर ऐकून आपापली मोकळी जागा निवडतात, तो मोड ४. रिलीज १६ मध्ये, २०२० साली, फाइव्ह-जीवर आधारलेली आवृत्ती आली. तिथे याच दोन पद्धतींना मोड १ आणि मोड २ म्हणतात.

यंत्र घेताना टॉवरशिवाय चालणारी पद्धत त्यात आहे का, एवढे विचारा. आपल्या घाटांसाठी तोच निकष.

१२. फाइव्ह-जी नसेल तर हे सगळं अडतं का?

अडत नाही. भारतात फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले, पण प्रश्न २ मधली गाठ घालून देण्याची कामगिरी फोर-जी उत्तम करते, जागेची नोंद तर टू-जीवरही जाते. चालत्या गाडीच्या वेगाचाही प्रश्न येत नाही. फोर-जीची रचना ताशी ३५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी केलेली आहे.

१३. आमच्या उसाच्या ट्रॅक्टरला याचा काही उपयोग आहे का? त्यात तर काहीच इलेक्ट्रॉनिक नसतं.

माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग त्यालाच आहे. हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर रात्री दोन ट्रॉल्या ओढत चाललेला ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, आणि मागून ७० च्या वेगाने येणारी गाडी. अशी धडक किती घरांनी सोसली आहे ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

ट्रॅक्टरला सगळे ऐकणारे यंत्र नको, फक्त बोलणारे हवे. मागच्या ट्रॉलीच्या शेवटाला, उसाच्या मोळ्यांबाहेर, बॅटरीवर चालणारी एक पेटी. ‘मी इथे आहे, लांब आहे, वेग पंधरा.’ पेटी शेवटच्या ट्रॉलीवरच हवी, इंजिनवर बसवली तर मागून येणाऱ्याला अंतर चुकीचे कळेल, आणि ओल्या उसाचा ढीग मध्ये आल्याने लहरीही अडतील. टॉवरच्या बाजूने कारखान्याच्या गेटवरची नोंद सर्व्हरला मिळाली तर कोणत्या रस्त्यावर किती ट्रॉल्या आहेत हे पाच-दहा किलोमीटर आधीच ट्रकवाल्याला सांगता येते. मात्र मागून येणाऱ्या गाडीत यंत्र नसेल तर पेटीचा काडीचा उपयोग नाही. लाल रिफ्लेक्टर आणि दिवा आधी, पेटी नंतर.

१४. फास्टॅग आहे की गाडीला. तोच वापरता येणार नाही?

नाही. फास्टॅगला स्वतःची बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर ऊर्जा फेकली की तो त्याच ऊर्जेवर आपला क्रमांक सांगतो, तोही काही मीटरच्या आत. दुसऱ्या गाडीशी तो बोलू शकत नाही.

१५. बसमध्ये आणि टॅक्सीत पॅनिक बटणवालं ट्रॅकर बसवलंय. ते हेच का?

ते एआयएस-१४० या वाहनमानकाप्रमाणे बनवलेले यंत्र आहे. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी ते आणले. ते सिमवरून सर्व्हरला जागा कळवते, बटण दाबले की इशारा जातो, डेटा नसेल तर इशारा एसएमएसने जातो. रेंज नसताना किमान ४०,००० नोंदी साठवायची सोय त्यात असावी लागते. हे झाले प्रश्न २ मधले अर्धे काम, आणि ते आधीच रस्त्यावर धावते आहे, हा मोठा फायदा. दुसरे अर्धे, म्हणजे शेजारच्या गाडीशी थेट बोलणे, त्यात नाही. घाटात बटण दाबले आणि टॉवर नसला तर इशारा यंत्रातच पडून राहतो. मागून येणाऱ्या गाडीने तो उचलून रेंजमध्ये नेला असता तर काय फरक पडला असता, याचा विचार करा.

१६. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पावसात लहरी पोचतात का?

पोचतात. ५.९ गिगाहर्ट्झवर पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य असते. मोबाईलच्या पट्ट्यांवर त्याहून कमी. तरीही पावसात रेंज जाते, कारण वीज जाते आणि टॉवरची बॅटरी संपते, तार किंवा फायबर तुटते. टॉवर ते टॉवर जोडणारे मायक्रोवेव्ह दुवे बरेच वरच्या पट्ट्यात चालतात, त्यांना मुसळधार पाऊस खरोखर बाधतो. ओली झाडीही लहरी शोषते. थोडक्यात, जुलैत टॉवर कमी भरवशाचा असतो आणि दरडींचा धोका नेमका तेव्हाच. थेट रेडिओ तेव्हाही चालू असतो.

१७. फोनमध्ये दोन दांड्या दिसतात, तरी नोंद जात नाही. दांड्या खोट्या असतात का?

दांड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो ते दाखवतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर ताकदवान आणि फोन कमजोर, त्यामुळे कडेच्या भागात ऐकू येते पण बोलता येत नाही. शिवाय टॉवर चालू असून त्याच्या मागची फायबर तुटलेली असली तरी दांड्या दिसतातच. म्हणून यंत्राने दांड्या बघून ‘रेंज आहे’ असे ठरवू नये. सर्व्हरकडून पोच आली तरच निरोप गेला असे समजावे, नाहीतर प्रश्न ४ मधली पद्धत चालू ठेवावी.

१८. कोणी खोटाच ‘पुढे दरड आहे’ असा निरोप सोडला तर? आणि आमची गाडी कुठे जाते हे सगळ्यांना कळणार?

प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते, सही नसलेला संदेश यंत्र टाकून देते. आयईईई १६०९.२ या मानकात त्याची रीत दिली आहे. सहीचे प्रमाणपत्र ठरावीक काळाने बदलत राहते, म्हणजे रस्त्याकडेला ऐकत बसलेल्याला तुमच्या दिवसभराच्या फेऱ्या जोडता येत नाहीत. नवी प्रमाणपत्रे आणि रद्द झालेल्यांची यादी उतरवायला मोबाईल नेटवर्क लागते, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गाडी रेंजमध्ये यावी.

खरी काळजी सर्व्हरची करा, कारण सगळ्या फेऱ्या तिथे जमा होतात. कोणत्या व्यापाऱ्याचा माल कुठे जातो हे त्यावरून उघड होते. नोंदी किती दिवस ठेवणार आणि कोणाला देणार, हे करारात नसेल तर सही करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ड्रायव्हरच्या माहितीलाही संरक्षण देण्याची तरतूद आहे.

१९. व्हीटीयूच्या शेवटच्या वर्षाला यावर प्रोजेक्ट करायचं आहे. सुरुवात कुठून करू, सर?

आधी सिम्युलेशन. ‘सुमो’ हे मोफत वाहतूक सिम्युलेटर घ्या, ओपनस्ट्रीटमॅपवरून बेळगाव ते चोर्ला रस्ता त्यात उतरवा, गाड्या सोडा. मग ओम्नेट++ आणि व्हेइन्स, किंवा एनएस-३, यांतून रेडिओ जोडा. सपाट जमिनीचे गणित तसेच ठेवले तर घाटातले निकाल खोटे येतील. उंचीची माहिती जोडून डोंगर आड येतो का ते तपासा. तुलना तीन पद्धतींची करा: फक्त टॉवर, फक्त गाड्या, आणि दोन्ही मिळून. किती निरोप पोचले, किती वेळात आणि टॉवरवरून किती डेटा गेला, हे तीन आकडे पुरेत.

प्रत्यक्ष प्रयोग २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात करा. २०१८ साली ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा भाग आपल्याकडे परवानामुक्त झाला. बहुतेक देशांत गाड्यांसाठी वापरला जाणारा पट्टा त्याच्या वर सुरू होतो. तिथे प्रसारण करण्यापूर्वी दूरसंचार विभागाची ताजी अधिसूचना बघा आणि गाईडमार्फत परवानगी घ्या. रस्त्यावर चाचणी घेताना गाडी चालवणारा वेगळा आणि लॅपटॉप सांभाळणारा वेगळा हवा.

२०. हद्दीजवळ अपघात झाला आणि ११२ लावला, तर फोन पलीकडच्या राज्यात लागतो. यंत्राचा इशाराही तसाच जाईल?

फोनचे खरे आहे. ज्या टॉवरने कॉल पकडला त्यावरून तो कोणत्या राज्याच्या केंद्रात जायचा ते ठरते, आणि कोगनोळीच्या माणसाला कागलकडचा टॉवर मिळणे अगदी शक्य आहे. म्हणून बोलताना पहिल्याच वाक्यात राज्य, जवळचे गाव आणि महामार्गाची बाजू सांगा: ‘कर्नाटक, कोगनोळी, निपाणीकडे जाणारी लेन.’ तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यातून लागू शकतो, तेव्हा रेंज दिसत नाही म्हणून न लावता राहू नका.

यंत्राच्या इशाऱ्यात अक्षांश-रेखांश असतात, त्यामुळे टॉवर कोणत्याही बाजूचा असला तरी जागा बरोबर कळते, फक्त सर्व्हरने राज्य टॉवरवरून न ठरवता त्या आकड्यांवरून ठरवले पाहिजे. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात तर इशारा दोन्ही राज्यांच्या केंद्रांना एकदमच गेला पाहिजे. जी रुग्णवाहिका जवळ असेल ती निघेल, मग ती निपाणीची असो की कागलची.